टेपचे दुमडलेले टोक

मी, खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, धंदा मोटारींच्या वायरिंगची दुरुस्ती, राहणार भावाच्या गॅरेजच्या वरचा मजला, बस आगारामागचा रस्ता, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, फौजदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी थोरला भाऊ, वहिनी आणि माझी मुलगी यांच्यासह राहते. गॅरेज भावाच्या नावावर आहे. इंजिन, ब्रेक, क्लच ही कामे तो पाहतो, वायरिंग मी पाहते. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. वायर सोलायला आणि जोडाला कथलाचा डाख द्यायला मला त्यानेच शिकवले. पुढे नव्या गाड्यांचा कोर्स निघाला तेव्हा त्याने माझे नाव घातले, स्वतःचे घातले नाही. गिऱ्हाइकांसह सगळे त्याला दादा म्हणतात. मला तो छोटी म्हणतो. आमच्या दोघांत भांडण किंवा वाटणीचा वाद आहे का, असे साहेबांनी विचारले. तसे काही नाही.

ज्या गाडीबद्दल मला बोलावले आहे ती रुग्णांना दवाखान्यात ने-आण करण्याची गाडी आहे. तिचे चालक आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून येतात. त्यांना सगळे हळूमामा म्हणतात, कारण ते गाडी फार सावकाश चालवतात. मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण होतात, तेव्हा मामा काच खाली करून त्यांनाच पुढे जायला हात दाखवतात. एकदा दादा त्यांना म्हणाला होता की मामा, तुमच्या गाडीचा टॉप गिअर अजून कोरा आहे, विकताना तसं सांगा. मी हे सांगू लागले तेव्हा साहेब म्हणाले की स्वभावाचं राहू द्या, गाडीचं सांगा. म्हणून पुढे गाडीचे सांगते.

अपघात मी पाहिलेला नाही. मला सांगण्यात आले ते असे की, गेल्या मंगळवारी सकाळी मामा एका रुग्णाला दवाखान्यात सोडून रिकामी गाडी घेऊन परत निघाले होते. दवाखान्याच्या फाटकापुढे रस्ता डावीकडे जवळजवळ काटकोनात वळतो. तिथे गाडी वळली नाही. ती सरळ समोरच्या कडेला गेली आणि तिथून पायी जाणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक तिच्याखाली सापडले. त्यांच्या मांडीचे हाड मोडले असून त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. मामा फोनवर बोलत होते, अशी त्या शिक्षकांच्या मुलाची तक्रार आहे. मामांचे म्हणणे असे की, वळणावर समोरचे सगळे दिवे एकदम लागले, मीटरचे काटे खाली पडले आणि स्टिअरिंग दगडासारखे झाले. मामा कालपासून याच ठाण्यात कोठडीत आहेत. गाडी गॅरेजमध्ये दाखवली होती आणि दादांनी चालवायला हरकत नाही असे सांगितले होते, असेही त्यांनी आपल्या जबाबात सांगितले आहे.

त्याबद्दल मला माहीत आहे ते असे. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात माझी कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी मला झोपून राहायला सांगितले होते. त्याच दिवसांत मामा गाडी घेऊन आले. समोर भलतेच दिवे लागतात आणि विझतात, अशी त्यांची तक्रार होती. अशी कामे एरवी माझ्याकडे येतात. त्या दिवशी दादाने स्वतः केले. मी वरच्या मजल्यावर होते. जिन्यातून हाक मारली असती तर मला ऐकू आली असती. संध्याकाळी तो जेवणाचे ताट घेऊन वर आला आणि म्हणाला की मामांची गाडी मी केली, बोलायला लागली. काय केलेस असे मी विचारले. कनेक्टर साफ केला, असे तो म्हणाला. तो खुश होता. नव्या गाड्यांना तो नेहमी नावे ठेवतो. तुझ्या गाड्या फार बोलतात, माझ्या मुक्या होत्या त्याच बऱ्या, असे म्हणतो. त्यामुळे मलाही बरे वाटले. मी आणखी काही विचारले नाही.

आज सकाळी ठाण्यातून निरोप आला, तेव्हा मी दादाला चलतोस का म्हणून विचारले. त्याने एका गाडीचे चाक उघडले होते. वर न बघता तो म्हणाला, "विचारतील तेवढंच सांग." तो असे कशासाठी म्हणाला, ते मी त्याला विचारले नाही.

मी ठाण्यात आले तेव्हा आवारात वाहन निरीक्षक हजर होते. मला त्यांच्याच सांगण्यावरून बोलावले असल्याचे कळले. त्यांनी मला सांगितले की, ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जोड हे सर्व ठीक आहे. स्कॅनर लावल्यावर सगळ्या मॉड्यूलनी उत्तर दिले. मॉड्यूल म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, स्टिअरिंगचा एक, मीटरचा एक, असे वेगवेगळे असतात आणि एकमेकींत पिळलेल्या दोन वायरींवरून ते एकमेकांना निरोप देत असतात. संपर्क तुटल्याच्या नोंदी स्कॅनरमध्ये होत्या. परंतु गाडी उचलून आणताना बॅटरी काढली होती आणि बॅटरी काढली तरी तशा नोंदी पडतात. निरीक्षक म्हणाले की यावरून दोष आहे असंही लिहिता येत नाही, नाही असंही लिहिता येत नाही. गाडी दुरुस्त करणाऱ्यांनी माझ्यासमोर एकदा बघावं म्हणून थांबलोय. त्यांनी घाई केली असती तर अहवाल कालच गेला असता.

त्यानंतर पंच म्हणून समोरच्या दुकानातल्या दोघांना बोलावण्यात आले व त्यांच्यासमोर मी तपासणी केली. बॅटरी काढून थोडा वेळ जाऊ दिला. मग डॅशबोर्डखालच्या, स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये त्या दोन वायरींवर ओहम मोजायचा माझा मीटर लावला.

इथे साहेबांनी मला समजेल असे सांगायला सांगितले, म्हणून सांगते. त्या दोन वायरींच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर असतो. या गाडीत एक इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये आणि एक मीटरच्या मॉड्यूलमध्ये आहे. प्रत्येक एकशेवीस ओहमचा. दोन्ही टोके नीट जोडलेली असली की मीटरवर साठ येते. वायर मध्ये तुटली तर एकच टोक हाती लागते आणि एकशेवीस येते. म्हणून आमच्या धंद्यात साठ आले की माणूस निश्चिंत होतो. आमच्या गॅरेजच्या खांबावर मी खडूने मोठा साठचा आकडा लिहून ठेवला आहे, तो दादाला लक्षात राहावा म्हणून.

या गाडीत चाळीस आले.

निरीक्षकांनी त्यांचा मीटर लावून पाहिला. त्यातही चाळीस आले. एका पंचाने मध्येच विचारले की माझ्या स्कूटरलाही असं असतं का. त्यांना थांबायला सांगण्यात आले. निरीक्षक माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन आहेत." मी हो म्हणाले. तीन रेझिस्टर जोडले गेले तरच चाळीस येते. गाडी कारखान्यातून येते तेव्हा दोनच असतात.

तिसरा कुठे आहे हे शोधण्याआधी मी एक गोष्ट करून पाहायचे ठरवले. आमच्या गॅरेजमध्ये दारातच एक खांब आहे. त्या खांबामुळे प्रत्येक गाडी चाके डावीकडे वळवूनच आत घ्यावी लागते आणि काम होईपर्यंत ती तशीच उभी राहते. ठाण्याच्या आवारात गाडी चाके सरळ असताना उभी होती. मी ठाण्यातल्या हवालदार ताईंना गाडीत बसून स्टिअरिंग डावीकडे वळवायला सांगितले. त्यांना फार जोर लावावा लागला. त्या म्हणाल्या की दगड आहे की काय हा. बंद गाडीचे स्टिअरिंग जडच असते, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तेव्हाही सांगितले. मी मीटरकडे पाहत होते. चाळीसाचे साठ झाले. स्टिअरिंग सरळ केल्यावर पुन्हा चाळीस. असे आम्ही पुन्हा पुन्हा केले. पंचांनी वाकून आकडे पाहिले.

याचा अर्थ असा की, स्टिअरिंग डावीकडे गेले की मीटरच्या मॉड्यूलकडे जाणारी वायर सुटते. स्टिअरिंगचे मॉड्यूलही त्याच बाजूला आहे. ती वायर सुटली की त्या दोघांचा बाकीच्यांशी संपर्क तुटतो, समोरचे दिवे लागतात, काटे पडतात आणि स्टिअरिंगला मिळणारी मोटरची मदत बंद होते. मामांनी सांगितले ते हेच आहे. आणि वायर तुटली की तिनातले दोनच रेझिस्टर उरतात, म्हणून नेमके त्याच वेळी या गाडीत साठ दिसते.

खालचे कव्हर काढल्यावर वायरींचा जुडगा स्टिअरिंगच्या दांड्याजवळ लोखंडी पट्टीवर घासलेला दिसला. आतल्या दोन वायरींपैकी एकीचे आवरण गेले होते आणि तांबे तुटून टोकाला टोक नुसते टेकलेले होते. निरीक्षकांनी फोटो घेतले. ही घसट जुनी आहे. ती कुणी केलेली नाही.

तिसरा रेझिस्टर सॉकेटच्या मागे होता. दोन्ही वायरींना डाख देऊन जोडलेला आणि वर काळी टेप गुंडाळलेली. टेप एकसारखी, अर्ध्यावर अर्धी चढवत नेलेली होती. शेवटचे टोक आत दुमडलेले होते.

निरीक्षकांनी मला विचारले की हे कंपनीचं नाही, कुणाचं काम आहे. मी पाणी मागितले.

पाण्याचे भांडे आतल्या खोलीत, कोठडीच्या समोर आहे. मामा गजांपाशी उभे होते. त्यांनी आधी जखमी मास्तरांना शुद्ध आली का, ते विचारले. हवालदार ताईंनी आली म्हणून सांगितले. मग ते मला म्हणाले, "छोटीताई, दादांना म्हणावं, राग मानू नका. मला विचारलं म्हणून त्यांचं नाव घेतलं. नाहीतर घेतलं नसतं." पाणी न पिता परत आले.

परत आल्यावर फौजदार साहेब आवारात आले होते. निरीक्षकांनी त्यांना दोष समजावून सांगितला. साहेब म्हणाले की दोष सापडला, हे चांगलं झालं. पण हे टेपचं काम चालकाने कुठेतरी स्वस्तात करून घेतलेलं दिसतंय. म्हणजे गाडी बिघडलेली आहे हे त्याला माहीत होतं आणि तरी रस्त्यावर आणली. तुमचे भाऊ तर फोनवर सांगतात की त्यांनी फक्त कनेक्टर साफ केला. मी विचारले की दादाला फोन कधी केला होता. काल केला होता, असे साहेब म्हणाले. दादाने मला हे सांगितलेले नव्हते.

साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. ते मला म्हणाले, "तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही सांगितलंत. कुणी केलं हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे असं नाही. इथे थांबलात तरी चालेल."

मी विचारले, "मग मामा सुटतील?"

ते म्हणाले, "ते यावर अवलंबून आहे."

त्यावर मी सांगितले, ते आता लिहून देते की, हे काम माझ्या भावाचे आहे.

कशावरून, असे विचारल्यावर सांगते की, टेपच्या टोकावरून. टेप संपवताना दादा टोक आत दुमडतो, चिमटीत धरण्याएवढे. त्यामुळे पुढच्या माणसाला ती नखाने खरवडावी लागत नाही, टोक धरून ओढली की निघते. मी शिकत होते तेव्हा एकदा टोक न दुमडता टेप चिकटवली होती. त्याने ती मला सोडवायला लावली. माझे नख उखडले. तो म्हणाला की आता पुन्हा विसरणार नाहीस. नंतर त्यानेच बोटाला पट्टी बांधली आणि पट्टीचे टोकही दुमडले. मी अनेक गॅरेजच्या गाड्या उघडते. असे टोक मी माझ्या आणि त्याच्या कामाखेरीज कुठे पाहिलेले नाही. हे काम मी केलेले नाही.

त्याने असे का केले असावे, असे विचारल्यावर सांगते की, इंडिकेटरला कमी ताकदीचे नवे बल्ब लावले की तो भराभर टकटक करू लागतो. तेव्हा वायरीला एक रेझिस्टर जोडतात. टकटक थांबते. आमच्या गॅरेजमध्ये याला समजूत घालणे म्हणतात. दादाने कितीतरी इंडिकेटरची समजूत घातली आहे आणि तिथे ते बरोबरच आहे. मामांची गाडी खांबापाशी डावीकडे वळवलेल्या चाकांवर उभी राहिली असणार, म्हणजे वायर सुटलेली. त्याला एकशेवीस दिसले. एक रेझिस्टर कमी आहे असे त्याला वाटले, म्हणून त्याने तो घातला. साठ आले. मग गाडी बाहेर काढताना चाके सरळ झाली, वायर टेकली आणि दिवे विझले. ज्याला या दोन वायरींचे काम शिकवलेले नाही, पण बाकी सगळे येते, अशा माणसाकडूनच अशी चूक होऊ शकते. मॉड्यूलची समजूत घालता येत नाही, हे त्याला माहीत नव्हते.

साहेबांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर मी दादाला फोन केला. मामांच्या गाडीत समजूत घातलीस का, एवढेच विचारले. गॅरेजमधला हवेचा पंप चालू असल्याचे ऐकू येत होते. मग पंप बंद झाला.

तो म्हणाला, "साठ आलं होतं गं, छोटी."

मी म्हणाले, "हो. आलं असणार."

"दोनदा बघितलं मी."

मी त्याला वायरीचे सांगितले. स्टिअरिंग डावीकडे असतानाचे आणि सरळ असतानाचेही सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मला का सांगितले नाहीस, असे मी विचारले. तेव्हा तो म्हणाला की सांगितलं असतं तर तू कंबर विसरून खाली आली असतीस. काल साहेबांना खोटे का सांगितलेस, हे मी विचारले नाही. ते त्याने स्वतःहून सांगितले. अपघाताचे ऐकल्यापासून आपल्याला तो रेझिस्टर आठवत होता, असे तो म्हणाला. रेझिस्टरमुळे असे होईल का, हे मला विचारायचे त्याच्या मनात होते. तो जिन्यापर्यंत येऊन परत गेला. मग त्याने मामांना कुठे ठेवले आहे, ते विचारले. मी सांगितले. गॅरेज बंद करून येतो, असे म्हणून त्याने फोन ठेवला.

माझा जबाब लिहिणे चालू असताना दादा ठाण्यात आला. त्याने धुतलेला शर्ट घातला होता, हातांना मात्र ग्रीस तसेच होते. तो माझ्याजवळ थांबला नाही. तो आधी कोठडीपाशी गेला. मामांशी त्याचे काय बोलणे झाले, ते मला ऐकू आले नाही, म्हणून सांगू शकत नाही. एवढे पाहिले की मामांनी गजांतून हात बाहेर काढला आणि दादाने तो दोन्ही हातांनी धरला. त्यानंतर त्याला शेजारच्या खोलीत नेले. त्याचा जबाब स्वतंत्र होईल, असे साहेबांनी मला सांगितले.

पंचांसमोर माझ्या सख्ख्या भावाने जोडलेला रेझिस्टर व त्यावरची टेप काढून पाकिटात सीलबंद करण्यात आली. टेप निरीक्षकांनी काढली. टोक धरून ओढल्याबरोबर ती निघाली. त्याखालचा डाख स्वच्छ होता.

हा जबाब हवालदार ताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात टेपच्या कामापुढे "बेफिकिरीने" असा शब्द लिहिलेला होता. तो मी सांगितलेला नव्हता. काम चुकीचे होते असे मी सांगितले आहे, बेफिकिरीने केले असे सांगितलेले नाही. साहेबांनी तो शब्द खोडायला परवानगी दिली. दुसऱ्या एका ठिकाणी "अन्य इसमाने" असे लिहिले होते. तेही खोडून माझ्या सांगण्यावरून "माझ्या सख्ख्या भावाने" असे लिहिले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे. दोन्ही खोडलेल्या जागांशेजारी माझी सही आहे, आणि खाली आहे.